चित्रात आहे तशी

भात लावणाऱ्या बाईचं चित्र मी आजवर कुठे कुठे काढलं ते सांगत बसलो तर दिवस जाईल. हॉटेलांच्या भिंतींवर काढलं, शाळांच्या कंपाउंडवर काढलं, एका पतपेढीच्या जिन्यात काढलं, लग्नाच्या हॉलच्या दर्शनी बाजूला काढलं. पण त्यातल्या एकीचंही तोंड मी काढलेलं नाही. सगळ्या वाकलेल्या. पाठ, कमरेचा बाक, कोपरापर्यंत पाण्यात गेलेले हात, बस. गिऱ्हाइकाला तेवढंच हवं असतं. मागे डोंगर, कडेला एक माड, आभाळात दोन बगळे, की झालं कोकण.

मी लांज्यात पेंटर आहे. आधी दुकानांचे बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. आता पावसाळ्यात गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवतो आणि उरलेलं वर्ष मिळतील त्या भिंती. आमचं गाव लांज्यापासून बरंच आत आहे. गावच्या घरात माझी वहिनी एकटी असते आणि शेती तीच करते. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला बाहेर उभं करायचं, हे तो तिकडे बारा-बारा तास बघतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला त्याचा राग येणार आहे आणि त्या बिचाऱ्याची त्यात काही चूक नाही.

वहिनीचं भाताचं शेत, आम्ही त्याला मळा म्हणतो, रस्त्यापासून खाली पऱ्याच्या काठाला आहे. पऱ्या म्हणजे आमचा ओढा. मळ्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये भावकीतल्या एका घराची जमीन. त्या जमिनीला रस्त्याच्या अंगाने जांभ्याचे दगड रचून केलेला बुटका गडगा होता, आणि गडग्यात एक बेडं होतं. ज्याने बेडं पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. गडगा जिथे वाटेसाठी तोडलेला असतो तिथे दोन बाजूंना दोन भोकं पाडलेले खांब रोवतात आणि त्यांत आडवे दांडे सरकवून ठेवतात. माणसाने दांडे सरकवायचे, आत जायचं, परत लावायचे. गुरं आत येत नाहीत आणि माणूस अडत नाही. आमच्या गावात प्रत्येकाची वाट दुसऱ्याच्या जमिनीतूनच जाते आणि प्रत्येक वाटेवर बेडं असतं. ते कुठल्या कागदावर नसतं. कागदावर कशाला घालायचं, ते डोळ्यांना दिसतंच की.

आता ह्यात एक गोची आहे. शिमग्याच्या आधी गावातली पोरं होळीसाठी लाकडं चोरत फिरतात, आणि बेड्याचे दांडे हा त्यांचा ठरलेला माल. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, कोणी रागावतही नाही. फार तर सकाळी उठून हसतात. म्हणून ज्याला आपले दांडे हवे असतात तो भात निघालं की ते काढून घरी आणून ठेवतो. तेव्हा शेतात राखायला काही नसतं, गुरं मोकळीच फिरतात. वहिनीने त्या वर्षीही तेच केलं. दांडे डोक्यावर घेऊन घरी आली आणि पडवीत आडवे रचले. खांब आधीच वाळवीने खाल्ले होते, तेही उपटून आणले. म्हणाली, पावसाआधी नवे करून बसवू.

आणि नेमका त्याच महिन्यात जमिनीचा नवा मालक जमीन बघायला आला. भावकीतलं घर मुंबईला जाऊन तीस-चाळीस वर्षं झालेली, त्यांनी परस्पर विकून टाकली. हा माणूस पुण्याचा. त्याला रिसॉर्ट काढायचं होतं. त्याने गडग्यातली ती जागा पाहिली. ना खांब, ना दांडे, नुसतं खिंडार. त्याला वाटलं गडगा ढासळलाय. त्याने सगळाच गडगा काढला आणि मे महिन्यापर्यंत त्या जागी माणसाच्या डोक्याहून उंच सिमेंटची भिंत उभी केली. एका टोकाला लोखंडी गेट, गेटवर कॅमेरा आणि वॉचमन. दोन्ही कडांनाही भिंत. एकीकडे तशीही दरड आहे आणि दुसरीकडून पऱ्या वळसा घालून येतो. फक्त मागच्या बाजूला, वहिनीच्या मळ्याकडे, भिंत घातली नाही. का, तर व्ह्यू जातो. म्हणजे वहिनीचं भात हा त्याचा व्ह्यू. भात हवं, ते लावणारी बाई नको.

वहिनीने मला फोन केला तेव्हा ती रडत वगैरे नव्हती. तिला ते येत नाही. ती म्हणाली, "भावजी, वाट बुजवली. तरवा कुटनं नेऊ?"

तिला बाकी कशाचं पडलेलं नव्हतं. तरवा म्हणजे भाताची रोपं. ती घराजवळच्या वरच्या जमिनीत तयार होतात, उपटून मुठी बांधायच्या आणि डोक्यावरून खाली मळ्यात नेऊन लावायच्या. पावसात पऱ्या छातीला लागतो, त्यातून ओझं घेऊन कोणी उतरत नाही. वाट नाही म्हणजे लावणी नाही, आणि लावणी नाही म्हणजे वर्षभराचा तांदूळ नाही. ज्याला त्याला सल्ला सुचत होता. कोणी म्हणे अर्ज करा, कोणी म्हणे वकील गाठा. वहिनीने एकालाच विचारलं, "निकाल लावनीच्या आधी लागंल की मी मेल्यावर?"

मग योगायोग बघा. तिथली भिंत रंगवायचं काम माझ्याकडेच आलं. दुसरं कोणाकडे येणार? तालुक्यात हाताने भिंत रंगवणारे उरलेत किती. मी काम घेतलं. पोट मला आहेच, पण मनात हेही होतं की माणूस समोर भेटला की वाटेचं बोलता येईल.

माणूस गोड होता, हेच वाईट. आधी चहा दिला. कोकणी संस्कृती लोप पावत चालली आहे म्हणून त्याला फार वाईट वाटत होतं. म्हणाला, "पूर्ण भिंतभर भातलावणी हवी. एकदम ऑथेंटिक." आणि मोबाइलवर नमुन्याची चित्रं पाठवली. ती बघून माझं डोकं फिरलं. हिरव्या-लाल नऊवारीतल्या बाया, केसांत गजरे, नाकात नथ. गुडघाभर चिखलात नथ. शेजारी पांढरेशुभ्र बैल, मोठाल्या शिंगांचे, पोळ्याच्या मिरवणुकीतून पळून आल्यासारखे. आमच्याकडचे बैल लहान, काळपट, आणि आता तेही नाहीत. पॉवर टिलर आहे. डोक्यावर त्याला पानांचं इरलं हवं होतं. आमच्या गावात इरलं विणणारा शेवटचा म्हातारा मी मिसरूड फुटायच्या वयात असताना गेला. बाया आता खताच्या पिशवीची किंवा निळ्या प्लॅस्टिकची खोळ घेतात आणि साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. फुल बाह्यांचा, कारण पात हाताला कापते.

मी म्हटलं, "साहेब, हल्ली शर्ट घालतात."

"शर्ट नको हो. ते कळकट दिसतं."

"आणि तोंडं? एखादी उभी काढतो, मुठी डोक्यावर घेऊन चाललेली."

त्याने जरा विचार केला आणि अगदी समजावून सांगितलं. "चेहरे नकोत. चेहरा आला की पाहुणे विचारतात, ही कोण? मग ती कोणीतरी होते. आपल्याला तसं नकोय. आपल्याला एकंदर शेतकरी स्त्री हवी आहे."

हे मी कितीदा ऐकलंय, पण इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी पाठी काढत होतो ते वाकलेल्या माणसाची पाठच दिसते म्हणून, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. लावणीत बाई घडीघडीला उभी राहते. कंबर धरते, मूठ सोडते, शेजारणीला काहीतरी बोलते, पदराने नाही तर बाहीने तोंड पुसते. तेव्हा तिचं तोंड दिसतं. ते बघायचं नाही असं लोकांनी ठरवलेलं आहे.

वाटेचं मी काढलं. तो म्हणाला, "इथे वाट होती असं मला कोणीच सांगितलं नाही. मी स्वतः येऊन पाहिलं तेव्हा नुसता पडका गडगा होता. पण हरकत नाही, गेट आहे ना. विचारून जायचं." मी त्याला शिमगा, पोरं, दांडे सगळं सांगितलं. त्याला ते फार आवडलं. म्हणाला, "हे पाहुण्यांना सांगायला हवं." मी उठलो आणि भिंतीपाशी उभं राहायला बांबूंची परांची बांधायला गेलो. तिथे आणखी बसलो असतो तर त्याच्या अंगावर कप फेकला असता.

भिंत मी रंगवली. सहा बाया, सगळ्या वाकलेल्या, सगळ्या नऊवारीत, एकीलाही तोंड नाही. वहिनी एकदा रस्त्याने जाताना थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "ह्या कुटच्या?" खरंच, कुठच्या?

पाऊस लागला. पऱ्याला घोट्याएवढं पाणी होतं तोवर शेजाऱ्याने पॉवर टिलर त्यातून घालून वहिनीच्या मळ्यात चिखल करून दिला. पण तरवा उपटायच्या दिवसापर्यंत पऱ्या भरून वाहायला लागला होता. आमच्याकडे लावणी एकमेकींच्यात होते, आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या. त्या दिवशी वहिनीच्या शेताची पाळी होती. उपटलेला तरवा ठेवून चालत नाही, आणि गेलेली पाळी परत कधी येईल सांगता येत नाही. मी मदतीला गावी गेलो होतो. वहिनीने मुठींचं ओझं डोक्यावर घेतलं आणि सरळ गेटकडे चालू लागली. मागे चार शेजारणी, त्यांच्या मागे मी.

गेटवरचा वॉचमन राजापूरकडचा, माझ्या वयाचा. त्याने हात आडवा केला. नेमकं त्या दिवशी रिसॉर्टचं उद्घाटन होतं. आत मांडव, गाड्या, पुण्या-मुंबईचे पाहुणे छत्र्या घेऊन फिरत होते. वॉचमन म्हणाला, "आज नको गो बायांनो, आज साहेबांचे पाव्हणे हायत." वहिनी उभीच राहिली. डोक्यावरून पाणी निथळतंय, अंगात भावाचा चौकटीचा शर्ट, वर निळं प्लॅस्टिक.

तेवढ्यात आतल्या एका बाईने आम्हाला पाहिलं आणि सगळ्यांना हाका मारल्या. पाहुणे गेटकडे धावले. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मोबाइल वर झाले. टाळ्या वाजल्या. मालक पुढे आला, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पाहुण्यांसमोर तो काय बोलणार? तो म्हणाला, "सोड, सोड त्यांना." आणि आमच्या पाच बाया टाळ्यांच्या मधून हिरवळीवरून चिखलाच्या पायांनी चालत खाली मळ्यात गेल्या. संध्याकाळपर्यंत लावणी झाली. वरच्या गच्चीवर पाहुणे भजी खात बघत होते.

मला त्या दिवशी हसू आलं होतं. वाटलं, जिंकलो. कसलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी मालकाने मला बोलावलं, तो खूश होता. पाहुण्यांना लावणी फार आवडली होती. म्हणाला, "तुमच्या वहिनींना सांगा, शनिवार-रविवार खुशाल यावं. आम्हालाही हवंच आहे. फक्त ते प्लॅस्टिक आणि शर्ट नको. चित्रात आहे तशी आली तर सोडायचं, असं मी वॉचमनला सांगून ठेवतो." आणि एक नवी नऊवारी माझ्या हातात दिली, लाल काठांची. माझ्या चित्रातल्यासारखीच.

ती नऊवारी मी वहिनीच्या पुढ्यात टाकली आणि म्हटलं, "जाळून टाक."

तिने उचलून घडी नीट केली. "जाळून पानी कोन बगील? खेकड्यांनी बांधाला बिळं पाडली तर मळा कोरडा व्हईल."

आणि ती जायला लागली. दर शनिवारी आपल्याच शेतात जायला बाई सोंग घेऊन निघायची. बांधाची भोकं बुजवायची, पाणी अडवायची, गवत काढायची. पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. एकीने तर फोटोत हातात रोप हवं म्हणून लावलेली मूठभर रोपं उपटली आणि फोटो झाल्यावर बांधावर टाकून दिली. वहिनीने ती उचलून परत लावली. हे तिने मला सांगितलं ते हसत हसत. मला हसता आलं नाही. मी भावाला मुंबईला फोन केला आणि उगाच त्याच्यावर ओरडलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी पन गेटवर हाय रे. मला सांगतात तसा मी वागतो." मी फोन ठेवून दिला.

भात तयार झालं नवरात्रानंतर. त्याच दिवसांत मालकाने मला परत बोलावलं. दिवाळीला रिसॉर्ट भरणार होतं आणि पावसाने भिंतीचा खालचा भाग काळा पडला होता. आमच्याकडची कुठलीही भिंत एका पावसात शेवाळते. मी परांची बांधली आणि खालचा भाग घासायला घेतला. आठवड्याचा मधलाच दिवस होता. आभाळ दुपारनंतर भरून यायचं. परतीचा पाऊस उभ्या भातावर पडला तर भात आडवं होतं, कणसातच कोंब फुटतात, मग ते गुरंही खात नाहीत.

वहिनी विळा घेऊन गेटवर आली. अंगात शर्ट.

वॉचमन म्हणाला, "वयनी, शनवारी या ना. क्यामेरा हाय. साहेब मोबाइलवर बगतात, मना कामावरनं काढतील."

"भाताला काय म्हायती शनवार?" ती म्हणाली.

तो मान खाली घालून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो. वहिनी वळली आणि माझ्या परांचीपाशी आली. मला वाटलं मला काहीतरी म्हणेल. तिने हातातल्या पिशवीतून ती नऊवारी काढली आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, शर्टावरून गुंडाळायला लागली. रस्त्याने एक डंपर गेला, दोन मोटारसायकली गेल्या. ती भिंतीकडे तोंड करून कासोटा घालत होती, विळा दातांत धरून. वर माझ्या सहा बाया वाकलेल्या. आपल्या स्वतःच्या भाताला हात लावायला पन्नाशी ओलांडलेली बाई रस्त्यावर सोंग चढवत होती आणि त्या सोंगाचा नमुना मी काढलेला होता. ती गेली आत. वॉचमनने गेट उघडलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी खालचं घासकाम तिथेच सोडलं. गेटच्या शेजारच्या बाईवर पांढऱ्याचे दोन हात मारले, वाळू दिले, आणि त्या जागी वहिनी काढायला घेतली. उभी. डोक्यावर भाताचा भारा, एक हात भाऱ्याला, दुसऱ्या हातात विळा. गुडघ्यापर्यंत खोचलेली सहावारी. वर भावाचा शर्ट, निळ्या चौकटींचा, कोपराशी ठिगळ आणि मधलं बटण नसल्याने लावलेली पिन. आणि तोंड. तोंड मी शेवटी काढलं. भाऱ्याखाली माणसाचं तोंड कसं होतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. मानेच्या शिरा ताठ, ओठ मिटलेले, डोळे समोर दहा पावलांवर, कारण मान वळवता येत नाही. सुंदर वगैरे काही नाही. मला ते काढताना कोणाची परवानगी घ्यावी असं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच करत होतो. गावातले येता-जाता थांबत होते. कोणी विचारलं नाही ही कोण. लांबूनच ओळखत होते.

कापलेलं भात उन्हात वाळलं की भारे बांधून घरी आणायचे. भारे आणायच्या दिवशी सकाळी वहिनी आली ती शर्टातच आली. पिशवी विसरली होती की मुद्दाम आणली नव्हती ते मी विचारलं नाही. वॉचमनने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. परत तिच्याकडे पाहिलं. आणि गेट सताड उघडलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. मला परांचीवरून ऐकू येत होतं. तो म्हणत होता, "नाय साहेब. तुमीच सांगितलेलंत. चित्रात हाय तशीच हाय ती."

मग माझा फोन वाजला. गोड आवाज त्या दिवशी गोड नव्हता. हे काय काढून ठेवलंय, पाहुणे काय म्हणतील, तो शर्ट, ते तोंड. मी म्हटलं, "साहेब, पाहुणे विचारतील ही कोण. तुम्ही सांगा, आमच्या व्ह्यूची मालकीण." तो म्हणाला दुसऱ्या पेंटरकडून पुसून घेईन. मी म्हटलं, घ्या. दिवाळीआधी मिळतो का बघा. आणि फोन ठेवला. असं मी गिऱ्हाइकाशी आयुष्यात बोललो नव्हतो.

वहिनी दिवसभर भारे वाहत होती, शेजारणीही होत्या. गेटातून बाहेर पडताना ती दर वेळी स्वतःच्या चित्राखालून गेली आणि एकदाही तिने ते पाहिलं नाही. भाऱ्याखाली मान वर होत नाही, आणि मोकळी परतताना तिचं लक्ष भरून येणाऱ्या आभाळाकडे असायचं. संध्याकाळी शेवटचा भारा घरी टाकून ती मोकळ्या डोक्याने, घाई नसताना परत आली, तेव्हा तिने पाहिलं. बराच वेळ पाहत होती. मला वाटलं, खूश होईल. निदान पिनेचं काहीतरी बोलेल.

ती माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता. इतक्या महिन्यांत, वाट बुजवली तेव्हा नाही, नऊवारी दिली तेव्हा नाही, ती पहिल्यांदा चिडली ती माझ्यावर.

"माझं तोंड कशाला काढलंव? तो उद्या पुसून टाकंल. पुडच्या लावनीला मी मंग कुनासारकी येऊ?"

ती तरातरा घरी गेली. मी ब्रश धूत बसलो. मला वाटलं आता ती माझ्याशी बोलणार नाही. पण अंधार पडायच्या आत ती परत आली, डोक्यावर ओझं घेऊन. पडवीत रचून ठेवलेले बेड्याचे दांडे होते ते. वाळवी लागलेले दोन खांबही आणले होते. जिथे पूर्वी बेडं होतं, नेमकं तिथे, भिंतीला टेकून तिने ते एकेक करून उभे केले. खांब दोन बाजूंना, दांडे मध्ये. वॉचमन गेटवरून बघत होता.

मी म्हटलं, "वयनी, इथे ठेवू नको. शिमग्याला पोरं चोरून नेतील."

तिने हात झटकले आणि पदराने तोंड पुसलं.

"नेऊ देत," ती म्हणाली. "बेडं हाय तिथलेच दांडे चोरतात पोरं."